डलहौसीची गढी: बुरुजापासून हॉटेलपर्यंत

चिरेबंदी

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या आग्नेयेला आठेक मैलांवर साउथ एस्क नावाची लहानशी नदी वाहते. तिच्या काठावर तांबूस दगडाची एक भलीमोठी गढी उभी आहे, डलहौसी कॅसल. हो, तेच नाव. सातारा, नागपूर आणि झाशी खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच घरात २२ एप्रिल १८१२ रोजी जन्मला आणि १९ डिसेंबर १८६० रोजी याच घरात वारला. आज तिथे हॉटेल आहे. लग्नं लागतात, ससाणे उडवून दाखवतात, तळघरात जेवणाची पंगत बसते.

आई-बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन दोन रात्री तिथे राहिले. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. गाडीतून उतरल्यावर ते दारापाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "दत्तकविधान नामंजूर हे शब्द मी किती मुलांकडून पाठ करून घेतले असतील. त्या माणसाला घर होतं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

जुन्या इमारतींची पाहणी हेच माझं इथलं काम. त्यामुळे मी दोन दिवस भिंती बघत हिंडले आणि बाबा माणसाचा विचार करत हिंडले. दोन्ही धागे एकत्र करून लिहिते आहे.

आधी दार. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना दर्शनी भिंतीत उभ्या, खोल, अरुंद खाचा आहेत. लांबून त्या शोभेच्या पट्ट्या वाटतात. त्या आहेत काढत्या पुलाच्या. पूल उचलायला दोन लांब लाकडी तुळया असत. विहिरीवर मागच्या टोकाला वजन बांधून पाणी उपसायची आडवी काठी असते ना, तसंच तंत्र. तुळईचं मागचं टोक आत दाबलं गेलं की पुढचं टोक पुलाला घेऊन वर येई, आणि पूल दारावर चपखल बसला की तुळया या खाचांत जाऊन बसत. पूल गेला, तुळया गेल्या, पण खाचा आहेत. खालचा कोरडा खंदक मधल्या काळात बुजवला होता, त्याचा काही भाग विसाव्या शतकात पुन्हा उकरून मोकळा केला. आपण आज सामानाची बॅग ओढत जिथून आत जातो, तिथे पायाखाली पोकळी होती.

रॅमसे घराणं इथे बाराव्या शतकापासूनचं. पहिला डेव्हिड राजा इंग्लंडातून परतला तेव्हा त्याच्याबरोबर सायमन द रॅमसे आला आणि त्याला लोदियनमध्ये, म्हणजे एडिंबराभोवतीच्या प्रदेशात, जमीन मिळाली, असं घराण्याचा इतिहास सांगतो. तेराव्या शतकातल्या पहिल्या गढीचं आज फारसं काही दिसत नाही. पाया आणि कमानदार तळघरं, एवढंच. वर आलं की पंधराव्या शतकातला गोल बुरूज दिसतो. तटाच्या आत इंग्रजी 'एल' अक्षरासारखा मनोरा होता. एक लांब बाजू, तिला काटकोनात एक आखूड बाजू, आणि दार दोघींच्या बेचक्यात, म्हणजे दारावर आलेल्या माणसावर दोन बाजूंनी मारा करता येईल. आपल्याकडचं गोमुखी दार आठवा. रचना निराळी, हेतू तोच.

पुढे सतराव्या शतकात आणि त्यानंतर मनोरा आणि तट यांच्या मधली मोकळी जागा हळूहळू भरत गेली. गढीचं घर असं होतं. शत्रूची भीती कमी झाली की अंगणात खोल्या उभ्या राहतात, जंग्यांच्या (मारा करायच्या फटींच्या) जागी खिडक्या येतात. म्हणून आत चालताना मधेच जाडी बदलते. एखाद्या दारातून जाताना चौकट एखाद्या बोळाएवढी खोल लागते आणि पुढचं दार साध्या घराच्या दारासारखं असतं. जाड चौकटीतून आपण जुन्या बाहेरच्या भिंतीतून आरपार जात असतो. बाबांना हे दाखवल्यावर ते प्रत्येक दाराशी थांबून हाताच्या विती मोजायला लागले.

अठराव्या शतकात कुणी डग्लस नावाच्या कारागिराने या गढीचं लष्करी रूप पार पुसून टाकलं आणि गरीबखान्यावर असतं तसं छप्पर घातलं, अशी तक्रार खुद्द सर वॉल्टर स्कॉटने आपल्या रोजनिशीत केली आहे. स्कॉट आणि तेव्हाचे नववे अर्ल (अर्ल ही उमरावाची पदवी), म्हणजे गव्हर्नर जनरलचे वडील, एडिंबराच्या शाळेत एका वर्गात होते. त्याच नोंदीत स्कॉट समाधानाने लिहितो की बर्न आता जुन्या वळणाने दुरुस्ती करतो आहे.

हा विल्यम बर्न (१७८९–१८७०) या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस. १८२५ च्या सुमारास त्याने या घराचं काम हाती घेतलं. आज हॉटेलच्या माहितीपत्रकावर जे रूप दिसतं, किल्ल्यासारख्या दातेरी चर्या असलेली गच्चीची कड, गॉथिक धाटणीचा जिना आणि त्यावरचं फासळ्या-फासळ्यांचं गिलाव्याचं छत, ते बव्हंशी त्याच्या हातचं. म्हणजे मध्ययुगीन म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंचसं आपल्या पेशवाईच्या अस्तानंतरचं आहे.

तळघरात एक अंधारकोठडी आहे. तिला इथे बाटली-कोठडी म्हणतात. मला आमच्या गावच्या धान्याच्या पेवाची आठवण झाली. तोंड अरुंद, पोट रुंद, आणि आत उतरायला जिना नाही. कैद्याला दोराने खाली सोडत. तोंडाच्या दगडावर त्या दोराचे ओरखडे आहेत. मी बोट फिरवून पाहिलं. आडाच्या काठावर पोहऱ्याच्या दोरीने पडतात तशाच गुळगुळीत खाचा. आडावर त्या पडायला बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरावं लागतं. इथे त्या पडायला किती माणसं उतरवली असतील, हा विचार मनातून जात नव्हता. आईने मात्र तिथे थांबायला नकार दिला आणि वर निघून गेली.

एका मोठ्या सूटमध्ये सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची विहीर तशीच ठेवली आहे. वेढा पडला तर पाणी आत हवं, म्हणून विहीर घरात. आपल्या गडांवरची टाकी ज्या कारणासाठी, तेच.

सध्या एवढंच. प्रश्न असतील तर विचारा.

माजघर

फार सुंदर लिहिलं आहे. जाड चौकट म्हणजे जुनी बाहेरची भिंत, हे वाचल्यावर आमच्या वाड्यातली एक गोष्ट उलगडली. माजघरातून कोठीच्या खोलीत जाताना असंच दार आहे, मी लहानपणी त्या चौकटीत बसून अभ्यास करायचे. म्हणजे कोठीची खोली नंतर जोडलेली असणार.

एक प्रश्न. हे लोक घर सोडून का गेले? एवढं आठशे वर्षांचं घर सोडवतं कसं?

सातारकर

धागा वाचून मन जड झालं. १८४८ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज गेले. जाण्यापूर्वी दत्तक घेतला होता, विधी झाला होता. हा डलहौसी तेव्हा हिंदुस्थानात येऊन तीनच महिने झाले होते, वय पस्तीस. त्याने ठरवलं की दत्तकाला राज्याचा वारसा नाही. शिवछत्रपतींची गादी अशी एका कागदावर संपवली. त्याआधी प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं होतंच. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, ते चौदा वर्षं तिथेच दाद मागत राहिले.

चिरेबंदी ताई, तुमच्याविषयी आदर ठेवून विचारतो. आपल्या पैशावर बांधलेल्या घरात पैसे मोजून राहणं तुम्हाला पटलं का? मला नसतं जमलं.

चिरेबंदी

सातारकर, प्रश्न रास्त आहे. बाबांनीही तो मला पहिल्या रात्री विचारला होता, जरा वेगळ्या शब्दांत. म्हणून मी तारखा तपासल्या, त्या तशाच मांडते.

बर्नचं काम १८२५ चं. तेव्हा गव्हर्नर जनरल तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याआधीचं सगळं त्याहून जुनं. साताऱ्याचा किंवा नागपूरचा पैसा त्या भिंतींत आहे असं म्हणायला भिंतींत काही आधार सापडत नाही. दगड तिथल्याच परिसरातला, हात तिथल्याच गवंड्यांचे.

पण साम्राज्याचा पैसा घरात आलाच नाही, असंही मी म्हणणार नाही. घराण्याकडे मान होता आणि पैशांची ओढाताण होती. नववे अर्ल वॉटर्लूच्या लढाईनंतर वसाहतींत नोकरीला गेले. आधी नोव्हा स्कोशिया, मग १८२० ते १८२८ कॅनडाचे गव्हर्नर, आणि १८३० ते १८३२ हिंदुस्थानात सरसेनापती. हॅलिफॅक्सचं डलहौसी विद्यापीठ त्यांनीच १८१८ मध्ये सुरू केलेलं. मुलाला १८५६ मध्ये परतताना कंपनीने वर्षाला ५,००० पौंड तहहयात वेतन बांधून दिलं. हे पैसे कुठून आले ते तुम्हीआम्ही जाणतोच. पुढची चार वर्षं आजारी अवस्थेत तो जगला ती या वेतनावर.

राहण्याबद्दल म्हणाल तर मला तिथे राहिल्याचा पश्चात्ताप नाही. ते घर आज त्या घराण्याचं नाही. पण तुम्हाला जमणार नाही हेही मला पूर्ण समजतं, आणि त्यात चूक काही नाही.

माजघर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उद्या सविस्तर देते.

वऱ्हाडी_बाणा

सातारकरांना माझं अनुमोदन. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला गेले आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातून राणी बाकाबाईंच्या डोळ्यांदेखत जामदारखाना बाहेर काढला. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जडजवाहीर विकायला कलकत्त्याला. माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा, आणि ती गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितलेली होती.

मला त्या हॉटेलात एकच गोष्ट बघायची आहे. त्याला स्वतःला वारस होता का?

चिरेबंदी

नव्हता. म्हणजे मुलगा नव्हता. दोन मुली. बायको लेडी सुझन प्रकृती सुधारावी म्हणून परत जायला निघाली, ती १८५३ मध्ये वाटेतच जहाजावर वारली. हिंदुस्थानातून परतल्यावर मोठी मुलगीच बापाची काळजी घेत होती.

पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये त्याला मार्क्विस ही अर्लपेक्षा वरची पदवी मिळाली होती. ती फक्त त्याच्या औरस पुरुष वंशजांना जाणार होती. १८६० मध्ये तो गेला आणि पदवी तिथेच संपली. अर्ल ही जुनी पदवी आणि ही गढी चुलतभाऊ फॉक्स मॉल याला मिळाली, तो क्रिमियाच्या युद्धात युद्धमंत्री होता.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते जिन्याच्या तळाशी उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

वऱ्हाडी_बाणा

वाचलं. आज आजी हवी होती.

चिरेबंदी

माजघर, आता तुमचा प्रश्न. घर सोडलं का?

त्याचं अर्धं उत्तर या फॉक्स मॉलमध्येच आहे. त्याच्याकडे आधीपासून पॅनम्यूर आणि ब्रेकिनच्या जहागिरी होत्या, उत्तरेकडे अँगसमध्ये. ब्रेकिनला त्यांचा दुसरा कॅसल. घराण्याचा ओढा हळूहळू तिकडे गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य बिऱ्हाड ब्रेकिनला हललं. ही गढी भाड्याने द्यायला लागले. १९२५ पासून साधारण १९५० पर्यंत इथे मुलांची निवासी शाळा होती. १९७२ मध्ये हॉटेल झालं आणि १९७७ मध्ये रॅमसे घराण्याने ती विकली.

उरलेलं अर्धं उत्तर सगळ्या ब्रिटनभरच्या अशा घरांना लागू आहे. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू आला आणि शेतजमिनीचा खंड घसरला. १८९४ मध्ये मृत्युकर आला, मालक मेला की इस्टेटीवर कर. पहिल्या महायुद्धात एकाच घरातले बाप आणि मुलगा पाठोपाठ गेले तर दोनदा कर. पन्नास नोकरांवर चालणारं घर, आणि नोकर मात्र कारखान्यात जाऊ लागलेले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने घरं ताब्यात घेतली आणि परत दिली ती मोडकळीला आलेली.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक गोष्ट होती. स्थानिक पट्टी छप्पर असलेल्या इमारतीवर बसायची. म्हणून लोकांनी सुस्थितीतल्या घरांची छपरं उतरवली. कौलं आणि शिसं विकलं आणि भिंती पावसात सोडून दिल्या. कामानिमित्त मी अशा घरांत गेले आहे. वरच्या मजल्यावरच्या भिंतीत अधांतरी चुलाण दिसतं, खाली जमीन नाही, वर आकाश. हॅमिल्टन पॅलेस तर १९२० च्या दशकात सगळाच पाडला, खालून कोळसा काढल्याने जमीन खचत होती. डलहौसीचा परिसरही कोळशाच्या खाणींचाच, पलीकडेच न्यूटनग्रेंजची लेडी व्हिक्टोरिया खाण आहे, आता तिथे खाणींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

म्हणून एखाद्या गढीचं हॉटेल झालं की मला बरं वाटतं. घरात चूल पेटती राहिली, छपरावर कुणीतरी लक्ष ठेवलं.

चुन्याचा_घाणा

मी कोकणपट्टीत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून दोन तांत्रिक प्रश्न. तिथला दगड वालुकाश्म ना? आमचा काळा बेसाल्ट हवेला दाद देत नाही, आणि जांभा खाणीतून काढल्यावर उन्हात आणखी घट्ट होतो. वालुकाश्म मात्र ओल धरतो असं ऐकून आहे. दुसरं, दर्जा (दगडांमधले सांधे) चुन्यात भरल्या आहेत की सिमेंटमध्ये?

विचारतो अशासाठी की चार वर्षांपूर्वी एका जुन्या वाड्याच्या दर्जा घाईघाईने सिमेंटने भरताना पाहिलं. मी सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. दोन पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागले.

चिरेबंदी

घाणा दादा, अगदी हेच इथेही झालं आहे, एका इमारतीत नाही तर देशभर. विसाव्या शतकात सगळीकडे सिमेंट भरलं आणि मग पन्नास वर्षं ते खरवडून काढण्यात गेली.

दगड वालुकाश्मच. लोहाच्या अंशामुळे तांबूस. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ असते, भिंतीतली ओल तिच्यातून बाहेर जाते, आणि झिजायचं ते दर्ज झिजते. ती परत भरता येते. सिमेंटची दर्ज दगडापेक्षा कठीण आणि बंद. मग ओल दगडातून बाहेर पडते, थंडीत तिचं बर्फ होतं आणि दगडाचा चेहरा सुटतो. दर्ज ताठ उभी आणि दगड दोन बोटं आत गेलेला, अशी भिंत दिसली की काय झालं ते विचारावं लागत नाही.

वालुकाश्माचं आणखी एक. हा दगड थराथराने जमलेला असतो, वहीच्या पानांसारखा. भिंतीत बसवताना पानं आडवी राहिली पाहिजेत, टेबलावर वही ठेवल्यासारखी. कुणी वही उभी करून दर्शनी बाजूला लावली तर पानं एकेक करून उलगडतात. डलहौसीच्या तटाजवळ मला असे दोन-तीन दगड दिसले. शेजारचे सगळे शाबूत आणि मधलेच सोललेले. म्हणजे त्या दिवशी तिथल्या गवंड्याने दगड फिरवून लावला. नाव नाही, गाव नाही, पण चूक शतकानुशतकं तिथे आहे. बाबा तिथे सगळ्यात जास्त वेळ रमले.

इमारत इथल्या वारसा यादीत सर्वांत वरच्या, 'अ' वर्गात आहे. म्हणजे मालक कुणीही असो, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

अबोली

पण मग न्हाणीघरं कशी केली? इतक्या जाड भिंतींत नळ कुठून नेतात? आणि हॉटेलच्या खोल्या म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम हवं.

चिरेबंदी

अबोली, छान विचारलंस. यातच बर्न पुन्हा भेटतो.

बर्नची ख्याती होती ती घराच्या आतल्या वाटा आखण्यासाठी. त्याच्या आधीच्या घरांत पाहुणे, घरचे आणि नोकर एकाच जिन्यावर, एकाच बोळात एकमेकांना भेटत. बर्नने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. कुटुंबाच्या खाजगी खोल्या एका बाजूला, त्यांना स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र दार. पाहुण्यांच्या बैठकीच्या खोल्या दुसरीकडे. स्वयंपाकघर, धुणं, दिवे, भांडी यांचा पसारा तिसरीकडे, आणि तिथून जेवण वर नेणारी वाट पाहुण्याच्या नजरेला पडणार नाही अशी. शंभर-दीडशे घरांत त्याने हेच तंत्र घोटलं आणि ब्रिटनमधल्या अमीर-उमरावांचा तो आवडता वास्तुकार झाला.

आता हॉटेलचा विचार कर. चादरींच्या ट्रॉल्या, किटल्या, उष्टी भांडी, सगळं पाहुण्याच्या नजरेआड फिरायला हवं. आग लागली तर दुसरा जिना हवा. नोकरांसाठी म्हणून काढलेले मागचे जिने आणि बोळ त्यालाच कामी येतात. मला वाटतं, एकोणिसाव्या शतकात नव्याने आखलेली घरं हॉटेल म्हणून टिकली याचं हे मोठं कारण आहे. नुसता मध्ययुगीन मनोरा असेल तर एकच चक्राकार जिना असतो, तो आजच्या अग्निशमनाच्या नियमांत बसवणं फार कठीण.

नळांचं म्हणशील तर जाड भिंत सहसा फोडत नाहीत. जुन्या चुलाण्यांची धुराडी बंद पडलेली असतात, त्यांतून नळ आणि तारा वर नेता येतात. मोठ्या खोलीच्या एका कोपऱ्यात हलकी लाकडी भिंत उभी करून न्हाणी करतात, नंतर काढली तर मूळ भिंतीला ओरखडा नको. अशी न्हाणी ओळखायची सोपी खूण सांगते. छताची नक्षीदार कड बघायची. ती कड न्हाणीच्या भिंतीत घुसून नाहीशी होत असेल तर भिंत नंतरची.

रुळावरून

इतका वेळ गप्प होतो कारण डलहौसीविषयी बोलायचं तर मला दोन्ही बाजू दिसतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती त्याच्याच कारकिर्दीत. लगेच चारच दिवसांनी, २० एप्रिलला, त्याने देशभरच्या मुख्य लोहमार्गांचा आराखडा मांडणारं टिपण लिहिलं. तारायंत्र, टपालाची तिकिटं, सार्वजनिक बांधकाम खातं, सगळं त्याच आठ वर्षांतलं. हे त्याला जमलं कारण हिंदुस्थानात येण्याआधी तो लंडनला बोर्ड ऑफ ट्रेडवर, म्हणजे सरकारच्या व्यापार खात्यात होता, आणि ब्रिटनमधली रेल्वेची प्रचंड लाट त्याच्या टेबलावरून गेली होती.

त्याच्या घराजवळ रेल्वे आहे का?

सातारकर

रुळावरून, रेल्वे फौजा हलवायला आणि कापूस बंदरावर न्यायला हवी होती, हे त्याच टिपणात आहे. आपण तिच्यात बसलो ते खरं, पण ती आपल्यासाठी म्हणून आखली नव्हती.

रुळावरून

सातारकर, मान्य आहे. त्यात मला वाद घालायचा नाही. माझे आजोबा मध्य रेल्वेत गँगमन होते, त्या नोकरीवर आमच्या दोन पिढ्या शिकल्या. म्हणून मी दोन्ही बाजू म्हणालो.

चिरेबंदी

घराजवळ रेल्वे आहे, आणि काय सुंदर आहे! कॅसलपासून जवळच साउथ एस्कवरून तेवीस कमानींचा पूल जातो, लोदियनब्रिजचा, १८४७ मध्ये सुरू झालेला. म्हणजे लॉर्ड साहेब कलकत्त्याला पोचले त्याच्या आदल्या वर्षी. १९६९ मध्ये हा मार्ग बंद पडला होता. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. एडिंबराहून न्यूटनग्रेंजपर्यंत आता गाडीने येता येतं, तिथून टॅक्सी करा किंवा सरळ चालत जा. येताना खिडकीतून डावी-उजवी दोन्ही बाजू बघत राहा, पुलावर गाडी आली की दरी एकदम उघडते.

पानझड

मुलाबद्दल एवढं बोललो तर आईबद्दल दोन ओळी. काउंटेस क्रिस्टियन, माहेरची ब्राउन, कोल्स्टन घराण्याची वारस. ती वनस्पतींची खरी अभ्यासक होती. कॅनडात नवरा गव्हर्नर असताना तिने तिथल्या झाडांचे नमुने जमवले, हिंदुस्थानात आल्यावर इथलेही. शेंगावर्गीय झाडांच्या एका प्रजातीला तिच्या नावावरून 'डलहौसिया' म्हणतात. हिमालयातलं गाव मुलाच्या नावाचं आणि झाड आईच्या. तिची कोल्स्टनची मालमत्ता पुढे मुलाकडून नातीकडे गेली. म्हणजे पदवीला मुलगी चालली नाही, पण आजीची जमीन नातीला मिळाली.

माजघर

पानझड, ही माहिती अगदी नवी. धन्यवाद. आणि चिरेबंदी, छपरं उतरवलेल्या घरांचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या वाड्याचं पश्चिमेकडचं छप्पर गेल्या पावसाळ्यात बसलं. भावकीत सात हिस्से आहेत, दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. हॉटेल करावं असं एक जण म्हणतो, बाकीचे चिडतात. वाडा म्हणजे काही धर्मशाळा नाही म्हणतात.

चिरेबंदी

माजघर, हॉटेल होईल की नाही ते पुढचं पुढे. या पावसाळ्याआधी एवढं करा. पडलेल्या भागावर ताडपत्री नीट ताणून बांधा, पन्हळी साफ करा, आणि भिंतींच्या माथ्यावर पाणी मुरणार नाही असं बघा. भिंतीचा माथा कोरडा राहिला तर वाडा अजून वीस वर्षं तुमच्या भांडणाची वाट बघेल. उतरलेली लाकडं विकू देऊ नका, एका जागी आडवी रचून ठेवा. घाणा दादा जवळपास असतील तर त्यांना एकदा दाखवा.

चुन्याचा_घाणा

माजघर ताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला येतो आहे, बघून जातो. पैशांचं काही मनात आणू नका.

सातारकर

ताई, एक विनंती. त्याची कबर जवळपास आहे असं वाचलं. तुम्ही गेलात का?

चिरेबंदी

तेव्हा गेलो नव्हतो. तुमचा प्रश्न वाचून या रविवारी मी एकटी गेले. जुन्या कॉकपेनच्या चर्चचे अवशेष आहेत, छप्पर नसलेले, आणि भोवती स्मशानभूमी. रॅमसे घराण्याची दफनाची जागा तिथेच आहे, त्यालाही तिथेच पुरलं. पाऊस भुरभुरत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पंधरा मिनिटं थांबले.

बाबांना तिथूनच फोन लावला. त्यांनी विचारलं, दगड कसा आहे? मी म्हटलं, ओला आहे, शेवाळलं आहे. ते म्हणाले, "पानं आडवी आहेत का उभी, ते बघ." मग मी वाकून बघितलं.

सातारकर

आडवी होती का?

चिरेबंदी

माझ्यासमोरच्या भिंतीची आडवी. कोपऱ्यातला एक दगड उभा आहे, तो सुटायला लागला आहे.